खोली खाली आली, मेधा

मेधा,

वाद मी जिंकलो. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगण्यात काही अर्थ नाही, म्हणून तुलाच सांगतोय. कॉपर नॉबच्या माथ्यावरची आपली खोली जूनमध्ये खाली आणली. हेलिकॉप्टरने अख्खी उचलली आणि गावातल्या म्युझियमच्या मागे, पार्किंगच्या कडेला नेऊन ठेवली. इतकी वर्षं मी जे म्हणत होतो, अगदी तसंच झालं. फक्त तू एप्रिलमध्येच गेलीस. त्यामुळे कंबरेवर हात ठेवून "झालं तुझ्या मनासारखं?" असं मला कोणी विचारलं नाही.

आपण पहिल्यांदा तिथे गेलो तो दिवस मला सारखा आठवतो. आपल्या लेकीला, ईराला, मॅसॅच्युसेट्सला कॉलेजात सोडून आपण सनीव्हेलला परतलो होतो आणि घर खायला उठत होतं. तू दोन माणसांपुरती पोळ्यांची कणीक भिजवायला शिकत होतीस आणि रोज ती जास्तच होत होती. मराठी मंडळातल्या कोणीतरी सिएराच्या डोंगरांत हाइक ठरवली, म्हणून आपण गेलो. डोंगराचं नाव ऐकून तू गाडीतच हसलीस. "कॉपर नॉब? म्हणजे तांब्याची मूठ? दार कुठंय मग?" शेवटच्या चढाखाली सगळ्यांनी डबे उघडले आणि थालीपिठं खाऊन परत फिरायचं ठरलं. तू मात्र वर बघत होतीस. "श्री, माथ्यावर काहीतरी चौकोनी आहे," म्हणालीस आणि चालायला लागलीस. माझा नाइलाज झाला.

वर ती खोली होती. चारी बाजूंना लाकडी झडपा, त्या खिळे ठोकून बंद केलेल्या, रंग उडालेला, जिन्याची एक पायरी गायब. मला वाटलं, कोणाचं तरी जुनं स्टोअर असेल. तू एका फुटक्या झडपेला डोळा लावलास आणि बराच वेळ हललीच नाहीस. मग माझ्याकडे वळून जे म्हणालीस, ते मी कित्येक लोकांना सांगितलंय. "अरे, इथे कोणीतरी संसार केलाय!"

मग मीही डोळा लावला. आत भिंतीला खुंट्या होत्या. फळी होती, तिला भांडी घसरू नयेत म्हणून पुढून पट्टी मारलेली. एक अरुंद पलंग, चुलीच्या धुराड्यासाठी छपराला पाडलेलं भोक. मधोमध एक उंच टेबल. बस, एवढंच. पण तुला त्यात एक घर दिसलं, आणि तू त्या घराच्या मागे लागलीस.

शाळेत इतिहासात तू जेमतेम पास व्हायचीस, हे तूच सांगायचीस. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. पण दुसऱ्यांचं काम तपासायची ती सवय तू इथे वापरलीस. कोणी काही सांगितलं की "तुम्हाला कोणी सांगितलं?" असा तुझा पुढचा प्रश्न असायचा. गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात, चर्चबाहेर, जंगल खात्याच्या ऑफिसात, सगळीकडे तू लोकांना थांबवून विचारत राहिलीस. मी गाडी चालवायचो आणि बाहेर उभा राहून कॉफी प्यायचो. घरी येताना तू मला सगळं सांगायचीस, म्हणून तो इतिहास मला तुझ्याच आवाजात पाठ आहे.

की या खोलीचं लाकूड खेचरांवर लादून वर नेलं आणि खिडक्यांच्या काचा गवतात गुंडाळून. की उन्हाळा सुरू झाला की एक माणूस वर जाऊन राहायचा, आणि त्याचं काम एकच, बघणं. जंगलात कुठे वणव्याचा धूर दिसला की मधल्या टेबलावरच्या नकाशावर पट्टी फिरवून नेम धरायचा आणि दिशा फोनवर खाली सांगायची. फोनची तार झाडाझाडांवरून दरीत गेली होती. विजा चमकायला लागल्या की पायांना काचेचे ठोकळे बसवलेल्या स्टुलावर चढून उभं राहायचं, म्हणजे वीज पडली तरी अंगातून जाणार नाही. हे सांगताना तू प्रत्येक वेळी स्टिअरिंगवरचा माझा हात दाबायचीस. "विचार कर श्री, आजूबाजूला वीज पडतेय आणि आपण स्टुलावर!" महायुद्धात पुरुष निघून गेले तेव्हा या कामावर बायका आल्या. पुढे विमानं आली, मग कॅमेरे आले आणि माणसाची गरज उरली नाही. कोणीतरी झडपा लावल्या, खिळे ठोकले आणि खाली उतरलं. चूल चोरीला गेली. बर्फाने छप्पर वाकलं.

मग तू स्वयंसेवकांची टोळी जमवलीस. आपले सगळे उन्हाळे तिथे गेले. मी हातोडी घेऊन आणि तू रंगाचा डबा घेऊन. झडपा उघडून वर टेकवल्या त्या दिवशी खोलीत चारी बाजूंनी एकदम डोंगर आत आले आणि तू खाली फरशीवर बसून रडलीस. मी नवीन पायरी बसवत होतो. मी खिळे ठोकत राहिलो. मला तेव्हा वाटलं होतं, ईरा कॉलेजला गेल्यानंतर पहिल्यांदाच तू बऱ्या कारणासाठी रडतेयस.

चढून आलेल्या अनोळखी माणसाच्या हातावर तू आधी चिवडा ठेवायचीस आणि मग इतिहास सांगायचीस. ती लाल टोपी, तो घामेजलेला चेहरा आणि दारात उभं राहून "कम इन, कम इन," जसं काही वास्तुशांतच आहे.

आणि रूथमावशी. युद्धाच्या काळात तिथे राहिलेल्या बाईची मुलगी हयात आहे, हे तुला हार्डवेअरच्या दुकानातच कळलं. रूथ तेव्हा चार-पाच वर्षांची, आईबरोबर वर राहायची. आता खालच्या एका केअर होममध्ये, व्हीलचेअरवर. तू तिला दर रविवारी फोन करायला लागलीस. सुरुवातीला इतिहासासाठी आणि मग नुसताच. तिला तू 'मावशी' म्हणायला शिकवलंस, ती स्वतःलाच 'माउशी रूथ' म्हणायची. फोनवर तुम्ही काय बोलायचात ते मी कधी विचारलं नाही. स्वयंपाकघरातून तुझं हसणं ऐकू यायचं, तेवढं मला पुरायचं.

आपला वाद रूथमावशीवरूनच पेटला.

जंगल खात्याने म्हटलं, खोली धोक्याची झालीय. एकतर पाडायची, नाहीतर उचलून गावात आणायची. मी म्हटलं, आणा की खाली. एखाद्या हिवाळ्यात ती बर्फाखाली कोसळेल. नाहीतर वणव्यात जाईल, मग काय उरेल? आणि ज्यांना चढता येत नाही त्यांनी काय करायचं? तुझ्या रूथमावशीने काय करायचं? तिचं लहानपण आहे तिथे, तिला ते परत बघायचा हक्क नाही?

तू चमचा खाली ठेवलास. "तिथून काढलीस की ते नुसतं लाकडाचं खोकं होईल. चारी बाजूंनी खिडक्या का आहेत, हे पार्किंगमध्ये कोणाला कळणार आहे?"

"बोर्ड लावतील ना."

"बोर्ड!" तू म्हणालीस. त्या एका शब्दावरून आपण दोन दिवस बोललो नाही.

मग तो वाद आपल्या घरातच राहायला आला. किराणा घेताना, कपड्यांच्या घड्या घालताना, ट्रेन जाईपर्यंत फाटकापाशी गाडी थांबली असताना. कधी तू मध्येच म्हणायचीस, "आणि दुसरं म्हणजे..." आणि पहिलं काय ते मला न सांगताच कळायचं. ईरा फोनवर ऐकून म्हणायची, "ओ माय गॉड, यू गाइज आर स्टिल ऑन दॅट?" चिडून म्हणायची, पण हसायचीही.

तुझ्या पोटात दुखायला लागलं, तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी आपल्याला बसवून पँक्रियाजच्या कॅन्सरचं सांगितलं. त्या दिवशी पार्किंगमध्ये आपण गाडीत शिरलो. किल्ली हातात धरून मी नुसता बसलो होतो. तू सीट बेल्ट लावलास आणि म्हणालीस, "तरी पण खोली वरच राहिली पाहिजे."

तेव्हा मी काय बोललो आठवतं? मी म्हटलं, "अजिबात नाही."

त्यानंतर आपण केमोच्या खुर्चीपाशी तोच वाद घातला. नर्स घाबरून विचारायची, सगळं ठीक आहे ना? लोकांना वाटत असेल, हा कसला नवरा, आजारी बायकोशी भांडतोय. पण तू थकून डोळे मिटायचीस आणि थोड्या वेळाने डोळे न उघडताच म्हणायचीस, "पण तिथून दिसणाऱ्या धुराचं काय?" आणि मला हायसं वाटायचं. दुसरं काही बोलायची माझी हिंमत नव्हती. तुझीही नसावी.

हिवाळ्यात गावच्या लायब्ररीत सभा ठरली. लोकांची मतं ऐकून खातं निर्णय घेणार होतं. तुला तेव्हा सोफ्यावरून उठायलाही माझा हात लागायचा. तू म्हणालीस, "तू जा."

"मी? माझं मत उलटं आहे, मेधा."

"म्हणून तर. माझी बाजू तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे."

मी गेलो. हॉल भरला होता. माझं नाव पुकारलं. मी म्हटलं की मी माझ्या बायकोच्या वतीने बोलतोय. मग मी खिडक्यांबद्दल बोललो. म्हटलं, ही खोली बघण्यासाठी बांधलेली आहे, हिच्याकडे बघण्यासाठी नाही. तिला तिच्या जागेवरून काढलं तर तुम्ही भिंती वाचवाल आणि काम घालवाल. हे सगळं तुझंच होतं, तोंड फक्त माझं होतं. शेवटी माझा आवाज गेला आणि मी बसलो. शेजारच्या म्हाताऱ्याने पाठीवर हात ठेवला. त्याला वाटलं, मला त्या खोलीचं इतकं वाटतंय.

घरी आलो तेव्हा तू उशीला टेकून वाट बघत होतीस. ईरा तेव्हा तुझ्याजवळ येऊन राहिली होती. "कसा बोललास?"

"आपण हरणार," मी म्हटलं.

"ते नाही विचारलं."

मग मी तुला सगळं म्हणून दाखवलं. तू लहान मुलीसारखी ऐकत होतीस. शेवटी म्हणालीस, "तुला खरंच पटलं का रे?"

मी तुझ्याकडे बघितलं. किती बारीक झाली होतीस तू. तुला 'हो' म्हणणं इतकं सोपं होतं. पण मी म्हटलं, "नाही. खोली खालीच आणली पाहिजे."

तू पोटावर हात दाबून हसलीस. हसताना दुखत होतं तरी हसलीस. म्हणालीस, "बरं झालं. पटलं म्हणाला असतास ना, तर मला कळलं असतं, की आता काही उरलं नाही."

मेधा, त्या एका 'नाही'साठी मी स्वतःचा ऋणी आहे. आयुष्यात तुला पुष्कळ गोष्टी म्हणायच्या राहिल्या. तुझ्याशिवाय माझं काय होणार, हेही मी विचारलं नाही. अस्थींचा विषयसुद्धा तूच काढलास. "उगाच वर नेऊ नका. मला भेटायला म्हणून कोणी चढायला नको, तुझे गुडघे बघ. समुद्र जवळ आहे." मी मान डोलावली आणि उठून भांडी घासायला गेलो. नळ मोठा सोडला. तुला ऐकू गेलं असणार, पण तू हाक मारली नाहीस. त्याबद्दलही मी तुझा आभारी आहे.

शेवटचे काही दिवस तू बहुतेक झोपूनच असायचीस. एका दुपारी मी वरणभात लावला होता. तू डोळे उघडलेस आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणालीस, "शिट्ट्या मोजल्यास का?" मी धावत गॅस बंद करायला गेलो. परत आलो तर तुझा डोळा लागला होता. त्यानंतर तू नीट काही बोलली नाहीस. इतक्या वर्षांच्या संसारात तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं कुकरबद्दल झालं. मला आधी याचं फार वाईट वाटायचं. आता कधीकधी वाटतं, बरंच आहे. कधीकधी परत वाईट वाटतं.

खात्याचं पत्र तू गेल्यानंतर आलं. खोली खाली आणायची ठरली होती. मी ते वाचलं आणि "मेधा!" अशी हाक मारली. घरात मी एकटाच होतो.

बर्फ वितळल्यावर आपली टोळी शेवटचं वर गेली. झडपा आम्ही बंद करून बांधल्या. बोल्ट मीच सैल केले, कारण ते मीच लावले होते. मग सगळ्यांना खालच्या उतारावर उभं राहायला सांगितलं. हेलिकॉप्टर आलं, दोर खाली सुटले, माणसांनी ते अडकवले. खोली आधी एका कोपऱ्यातून उचलली गेली, मग सगळीच. हवेत जराशी फिरली. खालून तिची फरशी दिसत होती. तुझी फरशी, जिच्यावर तू बसून रडली होतीस. मग ती कड्यापलीकडे गेली. आवाजही गेला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, त्या लगेच थांबल्या.

मी परत वर चढलो. काँक्रीटचे चौथरे उरले होते आणि काही वाकडे खिळे. मी साधारण जिथे टेबल होतं तिथे जाऊन उभा राहिलो. चारी बाजूंना तेच डोंगर होते, तसेच निळे, एकामागे एक. वारा सरळ अंगावर येत होता. मला वाटलं होतं, रडू येईल. आलं नाही. मला राग आला. तू इथे असायला हवी होतीस, माझ्यावर ओरडायला.

गेल्या रविवारी म्युझियमने खोली लोकांसाठी उघडली. तिथे व्हीलचेअरसाठी उतार केलाय, आणि हो, बोर्डही लावलाय. रूथमावशीचा मुलगा तिला घेऊन आला. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. इतकी लहानखुरी असेल असं तुझ्या बोलण्यावरून वाटलं नव्हतं. उतारावरून तिला आत नेलं. हात पुढे करून तिने टेबलाचा पाय धरला.

"आई मला इथे बांधायची," ती म्हणाली. "कंबरेला दोरी. कड्याकडे जाऊ नये म्हणून. दारापर्यंत पोचायची, त्यापुढे नाही." आणि ती रडायला लागली. आनंदाने, मेधा. त्या पायाला गाल लावून ती रडत होती. मी मनात म्हटलं, बघ. हेच मी म्हणत होतो.

मग तिने डोळे पुसले आणि खिडकीतून बाहेर बघितलं. गाड्या, पोस्टाची भिंत, एक कचऱ्याचा डबा. तिने मान फिरवून दुसऱ्या खिडकीतून बघितलं, मग तिसऱ्या. तिच्या चेहऱ्यावर हरवलेल्या पोरासारखा भाव आला. "सगळं गेलं कुठे?" ती मुलाला म्हणाली.

आणि हे तू म्हणत होतीस.

आपण दोघंही बरोबर होतो. हे सांगायला मी वळलो, खरंच वळलो, डाव्या बाजूला, जिथे तू नेहमी उभी राहायचीस. तिथे म्युझियमची एक बाई पाण्याच्या बाटल्या घेऊन उभी होती.

तेवढ्यात रूथमावशीने विचारलं, "आणि माझी रविवारची मुलगी कुठंय? बरेच दिवस फोन नाही तिचा."

तिला कोणी कळवलंच नव्हतं. मी तिच्या खुर्चीपाशी गुडघ्यावर बसलो. म्हटलं, मी मेधाचा नवरा. आणि मग सांगितलं. माझा हात तिने हातात घेतला. तिचा हात कागदासारखा हलका होता.

मग ती म्हणाली, "ती मला एक गोष्ट सारखी विचारायची. माझी आई इथे इतके महिने एकटी राहायची, तिला एकटं वाटायचं का? मी म्हणायचे, मी लहान होते, मला काय आठवणार? पण आज इथे बसल्यावर आठवलं. वर तिला कधीच एकटं वाटलं नाही. ती दिवसभर गात असायची. हिवाळ्यात आम्ही खाली घरी यायचो ना, तेव्हा वाटायचं. भिंतीपाशी बसून राहायची. खाली आल्यावर ती गायची थांबायची."

तिचा मुलगा खुर्चीचा ब्रेक सोडत होता. लोक रांगेत खोळंबले होते. मी तिला 'थँक यू' म्हटलं आणि उतारावरून खुर्ची खाली न्यायला हात लावला.

तू असतीस तर लगेच विचारलं असतंस, मग पुढे काय केलं त्यांनी? अख्खा हिवाळा कसा काढला? मला विचारायचं होतं, माझाही हिवाळा येतोय. तोंडाशी आलं होतं. पण तिची गाडी निघून गेली तरी मी तिथेच उभा होतो, आणि माझ्याच्याने विचारवलं नाही.